एकशे बावीस

१

जयसिंगराव मोहित्यांना चुकायची सवय नव्हती. हे त्यांच्याबद्दल इतर लोक कमी आणि ते स्वतः जास्त सांगत.

इंदूरला पलासियाच्या पुढं, जिथं त्या काळी बंगले संपून गव्हाची शेतं सुरू व्हायची, तिथं केवडाबाग नावाची सरकारी बाग होती. नावाला केवडा, प्रत्यक्षात केवड्याचं पानही नाही. पण बाकी सगळं होतं. मेंदीचं कुंपण, गुलाबाचे चौक, बँडवाल्यांसाठी बांधलेला गोल चबुतरा, आणि त्या चबुतऱ्यापासून निरीक्षकांच्या क्वार्टरच्या फाटकापर्यंत सरळ गेलेली बावीस बकुळींची रांग. जयसिंगराव या बागेचे निरीक्षक. होळकरांचं राज्य असताना नोकरीला लागले, मध्य भारतात तेच काम केलं, आता मध्य प्रदेश झाला तरी तेच करत होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते आणि नुसत्या नजरेनं पल्ला सांगत, असं घरात बोललं जाई. पणजोबांनी तोफा रोखल्या, पणतू गुलाब छाटतो, पण नजर तीच आहे, ही जयसिंगरावांची पुस्ती.

बकुळींवर त्यांचा विशेष जीव. प्रत्येक झाडाला नंबराची पत्र्याची पाटी होती आणि प्रत्येक पाटीचा खिळा जमिनीपासून बरोबर चार फुटांवर त्यांनी स्वतः ठोकला होता. दर दसऱ्याआधी खोडांना तीन फुटांपर्यंत गेरू लागे आणि गेरूच्या वर चार बोटं रुंद चुन्याची रेघ. बाग बघायला कुणी आलं की जयसिंगराव त्यांना पहिल्या झाडापाशी उभं करत आणि काठी टेकवून विचारत, "सांगा बरं, झाड दहा वर्षांनी दहा फूट वाढलं, तर हा खिळा कुठं जाईल?" पाहुणा हमखास वर बोट दाखवी. मग जयसिंगराव खूश होऊन सांगत, "कुठंही जात नाही. झाड वाढतं शेंड्याला. खोड जिथं आहे तिथंच. चार फुटांचा खिळा मरेपर्यंत चार फुटांवर."

घरीसुद्धा हेच. स्वयंपाकघराच्या सागवानी चौकटीवर बारीक खिळ्यांची एक शिडी होती. मुलगी सुलोचना चार वर्षांची झाल्यापासून दर गुढीपाडव्याला ते तिला चौकटीशी उभी करत, डोक्यावर काठी आडवी धरत आणि तिथं खिळा मारत. अठराव्या वर्षीचा खिळा शेवटचा. त्याच्या पुढच्या पाडव्यालाही मारायला गेले, तर तो अठराव्याच्याच डोक्यावर आला. जयसिंगरावांना त्याचा फार आनंद झाला होता. सिद्धान्त पोरीलाही लागू पडला होता.

२

बासष्टच्या मार्चमध्ये बागखात्याचं परिपत्रक आलं. फूट, इंच बंद. इथून पुढं सगळं मीटर आणि सेंटिमीटर. प्रत्येक झाड नव्या पट्टीनं मोजून दर पंधरवड्याला तक्ता पाठवावा. सोबत पिवळी, चकचकीत, दोन मीटर लांब लाकडी पट्टी.

"नवी बला," हेडमाळी संताजी म्हणाले. संताजी साठीचे, बागेत जयसिंगरावांच्याही आधीपासून. कानात बाळी, हातात कायम खुरपं. "झाडं तर तीच आहेत न साबजी. मग फिरून कायकू मोजायचं?"

"सरकारला हवंय म्हणून. चार फूट म्हणजे एकशे बावीस सेंटिमीटर. बावीसच्या बावीस झाडांपुढं एकशे बावीस लिहायचं. दहा मिनिटांचं काम."

पण न मोजता लिहिणं जयसिंगरावांच्या रक्तात नव्हतं. सकाळी आठला ते पट्टी घेऊन चबुतऱ्याकडच्या पहिल्या झाडाशी वाकले. खिळा एकशे एकोणीसवर होता.

त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली. पुन्हा एकशे एकोणीस. मग जुनी मापाची काठी मागवली. काठीवरही खिळा चार फुटांच्या पितळी कडीखाली बोटभर.

"पट्टी बरोबर आहे," ते म्हणाले. "माती चढलीय. आळं करताना तुमच्या माणसानं भर घातली असणार."

संताजींनी खोडाशी बसून बोटानं माती उकरली. गेरू मातीच्या आतपर्यंत गेलेला दिसला. "भर नाही साबजी. दगडी किनार बघा न. किनार जिथली तिथं आहे. झाडच खाली बसून राहिलंय."

"झाड काय पाहुणा आहे, बसायला?" जयसिंगराव हसले. बाकी एकवीस झाडं त्यांनी मोजली. सगळी एकशे बावीस. एका झाडाच्या तीन सेंटिमीटरसाठी वरच्या साहेबांची चौकशी ओढवून घेण्यात अर्थ नव्हता. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एक आकडा कधी परत आला नव्हता. त्यांनी पहिल्या झाडापुढंही एकशे बावीस लिहिलं आणि सही ठोकली.

३

पाडव्याच्या दोन दिवस आधी सुलोचना आली. मानपुरला दिलेली होती. जावयाचा मुंबई रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा, घर चांगलं. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, तेव्हा माहेरी यायचीच होती. तारीख आषाढाच्या पहिल्या आठवड्यातली. तिच्या आईनं, यशोधराबाईंनी, महिनाभर आधीच डिंक, खारीक भरून ठेवली होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर झालेली ही एकुलती एक मुलगी. तिच्या जोडव्यांचा फरशीवरचा खणखण आवाज घरात फिरू लागला आणि जयसिंगराव बागेत जायला रोज पाच मिनिटं उशीर करू लागले.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्यांनी तिला चौकटीशी बोलावलं.

"आबा, मी आता आई होणार आहे," ती म्हणाली.

"म्हणून काय झालं? सरकारनं माप बदललंय. नव्या मापात किती भरतेस ते बघू."

ती हसत उभी राहिली. अठराव्या वर्षाच्या खिळ्याला टेकून. एकशे पंचावन्न. "बघ," जयसिंगराव बायकोला म्हणाले, "दोन वर्षं मानपुरची हवा खाल्ली, पण सूतभर फरक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं झाड एकशे चारवर होतं. आणि दुसरं एकशे अठरावर.

आता भर घातल्याचं कारण चालेना. जयसिंगरावांनी दुसरं शोधलं, आणि ते शोधल्यावर त्यांना इतकं पटलं की आधी कसं सुचलं नाही याचीच लाज वाटली. माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात, घरांच्या भिंती तडकतात, तारेचे खांब कलतात. झाडही थोडं खचणारच. पाऊस पडला की माती फुगेल आणि खिळा परत चार फुटांवर येईल. हे त्यांनी संताजींना दोनदा समजावून सांगितलं.

"भेगा कुठं आहेत साबजी?" संताजी म्हणाले. "खोडाला माती एकदम चिकटून आहे. सुई जाणार नाही."

तक्त्यात एकशे बावीस, एकशे बावीस गेलं.

४

चैत्र संपेपर्यंत पाच झाडं खाली गेली होती, ओळीनं, एकापाठोपाठ एक. पहिल्याचा खिळा गुडघ्याशी आला. नवल म्हणजे झाडांना काही झालं नव्हतं. पानं काळीभोर, फुलांचा सडा रोजचा. ना कललेली, ना सुकलेली. नुसती खाली.

संताजींचं एकच म्हणणं होतं. खोदून बघू. जयसिंगरावांना खोदून बघण्यासारखं काही वाटत नव्हतं, पण नाही म्हटलं तर भ्यालो असं दिसेल. वैशाखातल्या एका दुपारी, बागेत चिटपाखरू नसताना, दोघांनी पहिल्या झाडाच्या एका अंगानं खड्डा घेतला.

दसऱ्याचा गेरू मातीत दोन फूट खाली जाऊन संपला. म्हणजे जुनी जमीन तिथं होती. तिथून खाली मुळं फुटायला हवीत. खोड रुंदावायला हवं. जयसिंगराव खड्ड्यात उतरून स्वतः माती काढू लागले. खोड तसंच होतं. तेवढंच जाड, तेवढंच गुळगुळीत, सरळ खाली गेलेलं. अर्धा फूट आणखी काढली. मूळ नाही. एक तंतूसुद्धा नाही.

मग माती पडली आणि खाली पांढरं दिसलं.

चुन्याची रेघ होती. चार बोटं रुंद, काठ सरळ. तिच्याखाली गेरू.

जयसिंगरावांनी जन्मात इतकी नीट मारलेली रेघ पाहिली नव्हती. त्यांनी हात लावला. बोटं लाल झाली. ओल्या चुन्याचा वास आला, दसऱ्याआधी सगळ्या बागेत येतो तसा.

वर उभ्या असलेल्या संताजींना त्यांनी हात दाखवला नाही, पण संताजींनी पाहिलाच. ते हळूच म्हणाले, "गेरूची पोती दसऱ्यापासून कोठीत बंद आहेत साबजी. किल्ली तर तुमच्याच खिशात."

जयसिंगरावांनी वाकून खोडाला कान लावला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फार खाली, घागर नळाखाली भरताना येतो तसा आवाज येत होता. आधी जाड, मग भरत जाईल तसा बारीक होत जाणारा. घागर भरत आली असं वाटेपर्यंत तो बारीक झाला, आणि मग तसाच चालू राहिला.

"पाइपलाइन," वर येऊन हात पुसत जयसिंगराव म्हणाले. "जुन्या काळची असेल. गळतेय, म्हणून ओल, म्हणून जुना गेरू ओला. बुजवा."

बुजवायला दोघांना अर्धा तास लागला.

५

संताजी दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. बावीस नंबरची बकुळ त्या फाटकालगतच होती. तिच्या खोडावर हात ठेवून ते म्हणाले, "साबजी, लहान तोंडी मोठा घास, पण ऐकून घ्या. सुलूताईंना मानपुरला पाठवून द्या. आजच. माझा भाचा टांगा आणून राहिलाय, राऊपर्यंत सोडेल, पुढं मोटार मिळते."

"का?"

"रांग इकडंच येऊन राहिली आहे न."

जयसिंगरावांना राग आला. पण रागापेक्षा जास्त त्यांना पेच पडला. पहिलटकरीण पोर माहेरी आणायची आणि आठव्या महिन्यात परत पाठवायची? व्याह्यांना पत्रात काय लिहायचं? बागेतली झाडं खाली जात आहेत, सबब तुमची सून सांभाळावी? सगळ्या मोहिते खानदानात असं कधी झालं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. ते ज्याला झेपत नाही त्यानं मुलगी द्यायचीच कशाला.

शिवाय त्यांच्याकडं हिशेब तयार होता. त्यांनी खिशातून कागद काढला.

"हे बघा. पहिलं झाड सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी दुसरं. पुढं अंतर कमी झालं, आता सहा दिवसांना एक पडतं. अजून कमी होईल असं धरू, चार दिवस धरू. तरी बाविसावं झाड यायला आषाढ उजाडतो, त्यापुढं घर. घर म्हणजे आणखी शंभर पावलं. तोवर बाळंतपण होऊन बारसं झालेलं असेल. मग मी स्वतः घर खाली करतो आणि साहेबांना सगळं सांगतो. झालं?"

संताजींनी कागद पाहिला नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते कारण नव्हतं. "साबजी, ते नंबरानंच येईल असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सात झाडं नंबरानंच गेली की नाही?"

"गेली न."

"मग झालं तर."

संताजींनी मान हलवली आणि ते गेले. त्या दिवसापासून त्यांनी बकुळींच्या रांगेत पाऊल टाकलं नाही. बाकी सगळी बाग ते नेमानं बघत.

६

वैशाखात वरचे साहेब बाग पाहायला आले. भोपाळहून बदलून आलेले, तरुण, उत्साही. जयसिंगराव त्यांना गुलाबांकडून, कुंडीघराकडून नेत होते, बकुळी टाळून. पण साहेब स्वतःच चबुतऱ्यावर चढले आणि रांगेकडे बघत उभे राहिले.

पहिल्या झाडाची आता फक्त फांद्यांची छत्री उरली होती, माणसाच्या छातीइतकी उंच. नंबराची पाटी केव्हाच जमिनीत गेली होती. दुसरं त्याच्याहून थोडं उंच, तिसरं आणखी, असं चढत चढत आठव्या-नवव्यापर्यंत, आणि तिथून क्वार्टरच्या फाटकापर्यंत सगळी पूर्ण उंचीची.

"वा," साहेब म्हणाले. "पायऱ्या. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

खरं सांगायला जयसिंगरावांना एक शब्द पुरला असता. पण साहेबांच्या हातात त्यांचेच चार तक्ते होते, आणि चारही तक्त्यांत बावीस वेळा एकशे बावीस लिहिलेलं होतं.

"माझ्याच," ते म्हणाले. "छाटणीनं साधतं. मुद्दाम केलंय."

"बहुत खूब. बाकीच्या बागांतही करा."

साहेब गेल्यावर जयसिंगराव चबुतऱ्याच्या पायरीवर बसले. भर दुपार होती. बुलबुल, मैना, पोपट सगळ्या बागेत कलकलत होते, पण या रांगेत एकही पाखरू नव्हतं, आणि हे किती दिवसांपासून आहे ते त्यांना आठवेना. पायरीच्या दगडातून तो घागर भरण्याचा आवाज येत होता. ते उठले आणि कोट झटकून घराकडे निघाले. आपण खोटं बोललो याचं त्यांना वाईट वाटलं नाही. आपण ते इतक्या सहज बोललो याचं वाटलं.

घरी सगळं ठीक होतं. सुलोचना ओसरीवर बसून बकुळीची फुलं ओवत होती.

"आबा, लोणच्याची बरणी खालच्या फळीवर ठेवायला सांगा न आईला. माझा हात पुरत नाही."

"ओणवं होऊ नये आणि ताणूही नये या दिवसांत," यशोधराबाई आतून म्हणाल्या. "मागायचं माझ्याकडे."

"पाय जड झालेत हो नुसते," सुलोचना म्हणाली. "उचलावे लागतात."

"होतातच," जयसिंगराव म्हणाले. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले. पाणी पिताना त्यांना वाटलं, घरात काहीतरी कमी आहे. काय ते पटकन लक्षात येईना. नंतर संध्याकाळच्या दिवेलागणीला सुलोचना तुळशीपुढं पणती ठेवून घरात आली, आणि ती जवळ येईपर्यंत ती आली हे त्यांना कळलं नाही. मग त्यांना कळलं. जोडवी वाजत नव्हती.

पाय सुजले असतील, म्हणून काढून ठेवली असतील. विचारायचं त्यांनी मनात आणलं आणि राहिलं.

७

ज्येष्ठातली एक सकाळ. जयसिंगराव लवकरच पट्टी घेऊन निघाले. चौदा झाडं खाली गेली होती. पहिल्या चारांच्या जागी हिरवळीवर नुसता बकुळीचा पाला पसरलेला दिसे, आणि फुलं मात्र होतीच. पंधराव्यापासून पुढं त्यांनी एकेक झाड नीट मोजलं. एकशे बावीस. एकशे बावीस. सोळावं, सतरावं, अठरावं. बाविसाव्यापाशी त्यांनी तीनदा मोजलं, जमिनीवर उकिडवं बसून, डोळा पट्टीच्या रेषेत आणून. तीनदा एकशे बावीस.

त्यांना हायसं वाटलं. हिशेब चुकला नव्हता. उलट दोन दिवस वर होते. दवाखान्यातल्या बाईंनी कालच येऊन सांगितलं होतं, बाळ छान आहे, पंधरा दिवस राहिले. पंधरा दिवसांत रांग बाविसाव्या झाडापर्यंतही पोचत नव्हती, आणि घर त्याच्याही पुढं. पट्टी काखेत मारून ते शीळ घालत फाटकातून आत आले. त्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदाच शीळ घातली असेल.

यशोधराबाई ओसरीवर शिवणाचं मशीन घेऊन बसल्या होत्या. मांडीवर सुलोचनाचा परकर.

"काय शिवताय?"

"दुमड घालतेय. तिसऱ्यांदा." त्यांनी दातानं दोरा तोडला. "मला तर समजत नाही बाई. पोट पुढं आलं की परकर वर चढतो, सगळ्यांचा चढतो. हिचा खाली लोळतो. साड्यांचे काठ नुसते फरशी पुसून राहिलेत."

जयसिंगरावांची शीळ थांबली.

त्यांनी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. लोणच्याची बरणी, जड पाय, न वाजणारी जोडवी हे सगळं एका मागं एक त्यांच्यापुढं येऊन उभं राहिलं, ओळीनं, नंबर लावल्यासारखं. खोडांना खिळे ठोकणारा हात कुणाचा आणि चौकटीवर ठोकणारा कुणाचा, हेही.

ते स्वयंपाकघरात गेले. सुलोचना ओट्याशी भाजी निवडत उभी होती. पाठमोरी. ओटा तिच्या कमरेशी यायचा. तो आता बरगड्यांशी होता.

"सुलू," ते म्हणाले. आवाज नेहमीचा निघाला. "जरा चौकटीशी उभी राहा बरं."

"आता? पाडवा का आहे आज?"

"राहा न."

ती हसली, हात पदराला पुसले आणि आली. कसलाही आवाज न करता आली. चौकटीला पाठ लावून, हनुवटी वर करून, लहानपणी उभी राहायची तशी उभी राहिली. जयसिंगरावांनी पट्टी तिच्या डोक्यावर आडवी धरली आणि टोक चौकटीला टेकवलं.

अठराव्या वर्षाचा खिळा पट्टीच्या बराच वर होता. सतराव्याचा, सोळाव्याचा, पंधराव्याचाही. पट्टी तेराव्या वर्षाच्या खिळ्यावर टेकली होती. त्या वर्षी तिला गोवर झाला होता, आणि अशक्तपणातसुद्धा तिनं हट्टानं माप द्यायला उभं राहायचं म्हटलं होतं.

त्यांनी खाली पाहिलं. साडी फरशीवर चहूबाजूंनी पसरली होती, आणि पावलं दिसत नव्हती. हिरव्या काठाला एका जागी लाल लागलं होतं. ते वाकले. बोट लावलं. ओला गेरू, आणि त्याच्यावर नखभर चुना.

"आळता लावलास काय गं पायाला?"

"नाही हो. पावलांपर्यंत वाकवतंय कुठं मला आता," सुलोचना म्हणाली. "किती भरले, आबा?"

यशोधराबाई दारात येऊन उभ्या होत्या, हातात परकर, तोंडात सुई. फरशीच्या खाली कुणीतरी घागर भरत होतं. आवाज बारीक होत होता, होतच होता. उत्तर द्यायला फार वेळ लागला असता तर त्या दोघींनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं असतं. पण तसा वेळ लागला नाही. तीन महिन्यांची सवय होती.

"एकशे पंचावन्न," जयसिंगराव म्हणाले. "तेवढीच आहेस."

"मी म्हटलंच होतं आईला," ती म्हणाली, आणि ओट्याकडे परत जायला आधार म्हणून त्यांच्यापुढं हात केला.

त्यांनी तो धरला. दोन्ही हातांनी धरला, कारण तो खाली ओढला जात होता, अगदी हलका, एकसारखा. मग ते तिथंच, चौकटीला खांदा लावून, तो हात धरून उभे राहिले.